जुन्या चांदीच्या खाणींची शेअर सर्टिफिकेटं: चित्र नंतर, आधी मागची बाजू दाखवा

कागदवाचक
नमस्कार मंडळी. नाण्यांवर, पोस्टाच्या तिकिटांवर, संस्थानी स्टँपपेपरांवर इथे भरपूर धागे आहेत. शेअर सर्टिफिकेटांवर एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय. मी सॅक्रामेंटोला राहतो. गेली अकरा वर्षं अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या, केव्हाच बंद पडलेल्या चांदीच्या खाणींची सर्टिफिकेटं जमवतोय. आज ६३ आहेत. फार मोठा संग्रह नाही, पण त्यातला प्रत्येक कागद मी दोन्ही बाजूंनी वाचलेला आहे.

सुरुवात नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीत झाली. डोंगरउतारावरचं लहानसं गाव. १८५९ साली इथे सोनं धुणाऱ्यांना एक निळसर काळा, चिकट गाळ फार सतावायचा. चाळणीत अडकायचा, सोनं निघू द्यायचा नाही, म्हणून लोक तो काढून फेकत. मग तो कोणीतरी तपासणीसाठी कॅलिफोर्नियात नेला, आणि त्यात सोन्यापेक्षा चांदीच कितीतरी जास्त मोलाची भरली. तीच ही कॉमस्टॉकची शीर, म्हणजे खडकातला चांदीचा लांब पट्टा. नेवाडा पुढे १८६४ मध्ये राज्य झालं, आणि आजही त्याला चांदीचं राज्य म्हणतात.

तिथल्या सी स्ट्रीटवर, म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्यावर, एका दुकानात जुन्या पोस्टकार्डांच्या खोक्यात मला 'सिएरा नेवाडा सिल्व्हर मायनिंग कंपनी'चं सर्टिफिकेट मिळालं. दहा शेअर, सप्टेंबर १८७८. तारीख बघून मी जागीच थांबलो. त्याच महिन्यात या शेअरचा भाव अडीचशे डॉलरच्या वर गेला होता. खाणीत नवा साठा लागल्याची हूल उठली होती, सॅन फ्रान्सिस्कोत बाजार वेडा झाला होता. नंतरच्या दोन-तीन महिन्यांत सगळं कोसळलं. कॉमस्टॉकची ती शेवटची मोठी तेजी. म्हणजे हा कागद लिहिला गेला तो ऐन शिखरावर.

आणि त्याला भोक नाही. हे नीट सांगतो, कारण माझ्या संग्रहाचा जीव त्यातच आहे. त्या काळी शेअर विकून कंपनीत नव्या मालकाच्या नावावर केला की जुनं सर्टिफिकेट कंपनीत परत जायचं. कारकून त्यावर आडवी शाई मारायचा किंवा पंचाने भोकं पाडायचा, आणि बहुतेक वेळा ते ज्या पुस्तकातून फाडून दिलं त्यातल्या मूळ अर्ध्याला पुन्हा डकवून टाकायचा. म्हणून पुष्कळ सर्टिफिकेटांच्या डाव्या कडेला डिंकाचे पिवळे डाग दिसतात. रद्द झालेला कागद म्हणजे ज्याचा शेअर वेळेत विकला गेला त्याचा. न रद्द झालेला म्हणजे ज्याच्याकडे तो शेवटपर्यंत राहिला त्याचा. बाजारात भोकं नसलेल्याला भाव जास्त मिळतो, कारण तो भिंतीवर चांगला दिसतो. मी तो वेगळ्या कारणासाठी शोधतो.

कोणाकडे अशी सर्टिफिकेटं आहेत का? असतील तर पुढच्या बाजूसोबत मागची बाजूही टाका.

नवखी_संग्राहक
छान धागा! मी नाशिकची, आत्ताच सुरुवात केली आहे. दोन प्रश्न. एक, या कागदांवर आज पैसे मिळू शकतात का, म्हणजे शेअर म्हणून? दोन, ऑनलाइन घेताना खरं-खोटं कसं ओळखायचं? मी एका कंपनीचं 'कोरं', सही-नाव काही नसलेलं सर्टिफिकेट घेतलं आहे. ते खोटं तर नाही ना?

कागदवाचक
ताई, शेअर म्हणून पैसे मिळण्याची आशा ठेवू नका. बहुतेक कंपन्या विसर्जित झाल्या आणि रद्द झालेल्या कागदाला तर काहीच हक्क उरत नाही. यांची किंमत जी आहे ती संग्राहकांतली. या छंदाला इंग्रजीत 'स्क्रिपोफिली' म्हणतात. शब्द १९७८ मधला, म्हणजे छंदाला नाव मिळून अर्धशतकही झालेलं नाही.

कोरं आहे एवढ्यावरून तुमचं सर्टिफिकेट खोटं ठरत नाही. कंपनीने छापून घेतलेल्या पुस्तकांतले जे कागद वापरलेच गेले नाहीत ते असे मिळतात. स्वस्त असतात. चित्र बघायला उत्तम, पण त्याला कोणाचा हात लागलेला नसतो.

खऱ्या-खोट्याचं सांगायचं तर मी स्वतः फसलो आहे. दुसऱ्याच वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ॲरिझोनातल्या टूम्बस्टोनच्या एका खाणीचं सर्टिफिकेट घेतलं. फोटोत कागद छान तपकिरी दिसत होता. हातात आल्यावर भिंगाखाली धरलं, तर सगळीकडे एकसारखे बारीक ठिपके. सहीसुद्धा ठिपक्यांचीच. खऱ्या सहीची शाई कागदात मुरलेली असते, मागून तिची सावली दिसते, निब दाबलं तिथे रेघ जाड होते आणि जुन्या लोहयुक्त शाईने कधी कधी कागद खाल्लेलाही असतो. माझ्या त्या कागदाची मागची बाजू कोरी करकरीत होती. त्या दिवसापासून मी मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागितल्याशिवाय काही घेत नाही.

आणखी एक. खोलवर कोरलेल्या पोलादी ठशावरून छापलेलं असेल तर बोटाला शाई किंचित उंच लागते. पण सॅन फ्रान्सिस्कोतली बरीच सर्टिफिकेटं लिथोग्राफ, म्हणजे दगडी छापाची आहेत. ती सपाटच लागतात. तेव्हा सपाट लागलं म्हणून खोटं समजू नका.

फोर्टवाला
कागदवाचक, मी मुंबईत एका कंपनीच्या शेअर ट्रान्सफर खात्यात ३४ वर्षं काढली. डिमॅटच्या आधीचा सगळा काळ. सर्टिफिकेट, ट्रान्सफर डीड, सही जुळवणं, फोलिओ, हेच आयुष्य. तुमचा धागा वाचून हात शिवशिवले. माझे काही प्रश्न आहेत. नाव कोणाचं आहे सर्टिफिकेटवर? मागे हस्तांतराची सही आहे का? आणि मुख्य म्हणजे, शेअर पूर्ण भरलेला होता की कॉल, म्हणजे उरलेल्या रकमेचे हप्ते, बाकी होते?

कागदवाचक
फोर्टवाला काका, अगदी मुद्द्याला हात घातलात.

नाव एका दलालाचं आहे आणि पुढे लिहिलंय 'ट्रस्टी'. कॉमस्टॉकच्या सर्टिफिकेटांवर हे सर्रास दिसतं. खरा मालक कोण ते कागदावर येतच नसे. दलाल ट्रस्टी म्हणून नाव लावायचा, मागे कोरी सही करून द्यायचा, आणि मग तो कागद नोटेसारखा हातोहात फिरायचा. माझ्या कागदामागेही तशी एकच सही आहे, घेणाऱ्याचं नाव नाही.

कॉलचं मात्र वेगळंच होतं. आपल्याकडे अर्धवट भरलेल्या शेअरवर कॉल यायचे, पूर्ण भरले की संपलं. तिथे कॅलिफोर्निया-नेवाडाच्या कंपन्यांत शेअर पूर्ण भरलेला असला तरी अ‍ॅसेसमेंट यायची. पट्टीच म्हणा. खाण खोल जातेय, पाणी उपसायचंय, नवा पंप घ्यायचाय, टाका शेअरमागे डॉलर, दोन डॉलर. वर्तमानपत्रात जाहिरात यायची, मुदत लिहिलेली असायची. मुदतीत भरली नाही तर तुमचे शेअर लिलावात. कितीतरी खाणींनी आयुष्यभर पट्ट्याच गोळा केल्या, लाभांश कधीच दिला नाही. म्हणून नंतरच्या काळात पुष्कळ कंपन्या सर्टिफिकेटवर मोठ्या अक्षरांत 'नॉन-असेसेबल' असं छापायच्या. गिऱ्हाइकाला सगळ्यांत आधी तेच वाचायचं असायचं.

फोर्टवाला
कोरी सही! आमच्याकडे त्याला कोरी ट्रान्सफर म्हणायचे. दलाल स्ट्रीटवर एकच कोरी ट्रान्सफर दहा हातांतून फिरून आलेली मी पाहिली आहे, घड्या पडून पडून कागद मऊ सुती कापडासारखा झालेला. तुमचं सर्टिफिकेट घड्यांचं आहे का?

आणि काळाचा मेळ बघा. कॉमस्टॉकची पहिली तेजी १८६३ ची, त्याच सुमारास आमच्या मुंबईत बॅक बे भरावाच्या शेअरांचं वेड होतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाचे शेअर झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं बसलं. दोन्हीकडे खेळणारा माणूस तोच, फक्त एकाच्या पायाखाली खाण होती आणि दुसऱ्याच्या पायाखाली समुद्र.

कागदवाचक
घड्या आहेत काका, तीन उभ्या. खिशात किंवा पाकिटात राहिलेला दिसतो.

१८६३ वरून आठवलं. सुरुवातीला तिथे शेअर नव्हतेच, 'फूट' विकायचे. शिरेच्या लांबीवर हक्क असायचा, तेव्हा माणूस म्हणायचा माझे ओफिर खाणीत दहा फूट आहेत. गूल्ड अँड करी खाणीची लांबी १,२०० फूट आणि शेअर ४,८००, म्हणजे एका फुटाला चार. १८६३ च्या उन्हाळ्यात तिचा भाव फुटाला सहा हजार डॉलरच्या वर गेला होता! सुरुवातीच्या वर्षांच्या काही सर्टिफिकेटांवर शेअरांसोबत फूटही लिहिलेले असतात. तसं एक माझ्याकडे आहे, सगळ्यांत महागात पडलेलं.

आता एक आनंदाची गोष्ट सांगतो. ही सर्टिफिकेटं घेताना तळाच्या चौकटीबाहेरचा बारीक मजकूर बघायला विसरू नका. तिथे छापणाऱ्याचं नाव असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ब्रिटन अँड रे'चं नाव पुष्कळदा दिसेल. पण कधी 'जी. टी. ब्राऊन अँड कं.' दिसलं तर सोडू नका. ग्राफ्टन टायलर ब्राऊन, जन्म १८४१. कृष्णवर्णीय चित्रकार, स्वतःचा लिथोग्राफीचा छापखाना चालवणारा. युद्ध संपून गुलामगिरी कायद्याने गेली ती १८६५ मध्ये, आणि त्यानंतर दोनच वर्षांत हा माणूस स्वतःच्या नावाने खाणमालकांची सर्टिफिकेटं छापत होता. व्हर्जिनिया सिटीचं १८६१ मधलं प्रसिद्ध चित्र, भोवती घरांच्या लहान लहान चौकटी असलेलं, त्यानेच काढलं. पुढे तो निसर्गचित्रकार झाला, १९१८ मध्ये गेला. माझ्याकडचं त्याचं एक सर्टिफिकेट भिंगाखाली धरलं की अक्षरांच्या शेपट्यांतली नक्षी एकेक करून काढलेली दिसते, दगडावर, उलटी. त्या कंपनीने किती चांदी काढली याच्याशी मला काही देणंघेणं नाही. हा कागद मी त्या हातासाठी ठेवला आहे.

डेन्व्हरची_काकू
मी कोलोरॅडोतून. आमच्याकडची चांदी म्हणजे लेडव्हिल. कॉमस्टॉकइतकी जुनी नाही, १८७८-७९ च्या सुमाराची. होरेस टेबर नावाचा दुकानदार होता, गावचा पहिला महापौर. दोन जर्मन शोधकांना त्याने दुकानातून शिधा आणि हत्यारं दिली, बदल्यात सापडेल त्यात तिसरा हिस्सा. त्यांना 'लिटल पिट्सबर्ग' खाण लागली! हा कोट्यधीश झाला. नंतर 'मॅचलेस' खाण घेतली, नाट्यगृहं बांधली.

१८९३ मध्ये चांदी कोसळली आणि सगळं गेलं. १८९९ मध्ये वारला तेव्हा तो डेन्व्हरचा पोस्टमास्तर होता. त्याची दुसरी बायको, तिला बेबी डो म्हणत, पुढे मॅचलेस खाणीशेजारच्या झोपडीत एकटी राहिली. १९३५ च्या हिवाळ्यात ती तिथे गोठून मेलेली सापडली. ती झोपडी मी पाहिली आहे. ऑगस्टमध्येसुद्धा आत गारठा होता. बाहेर आल्यावर बराच वेळ बोलवेना.

टेबरची सही असलेली सर्टिफिकेटं महाग असतात. माझ्याकडे एकच आहे, मुलीने वाढदिवसाला दिलेलं.

टाकसाळ
मी पुण्यातला, नाणी जमवतो. शेअरचं मला कळत नाही, पण काकूंनी १८९३ चं नाव काढलं म्हणून लिहितोच. त्या पडझडीची एक दोरी आपल्याकडून ओढली गेली होती.

तोवर हिंदुस्थानात कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत गेलं की त्याला रुपये पाडून मिळत. जगातली चांदी इकडे शोषली जायची. पण पश्चिमेच्या खाणींनी चांदीचा पूर आणला, युरोपातले देश सोन्याकडे वळले, चांदी उतरत गेली आणि तिच्यासोबत रुपयाही. १८७० च्या आधी साधारण दोन शिलिंगांचा असलेला रुपया खाली खाली येत राहिला. सरकारला विलायतेत पौंडांत देणी द्यायची होती, ती जड झाली. शेवटी २६ जून १८९३ ला टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. बातमी तारेने अमेरिकेत पोचली आणि चांदीचा भाव काही दिवसांत धाडकन पडला. कोलोरॅडोतल्या खाणी बंद होऊ लागल्या, जुलैत डेन्व्हरच्या बँका एकामागून एक मिटल्या. तिथलं सरकार १८९० च्या शर्मन कायद्याने दरमहा चांदी विकत घेत होतं, तो आधारही १ नोव्हेंबरला काढून घेतला.

आणि पुढचा भाग मला फार आवडतो. पहिल्या महायुद्धात इकडे रुपयांची टंचाई झाली, लोक नोटा घेऊन चांदी मागायला रांगा लावू लागले. एक रुपयाची पहिली नोट १९१७ मध्ये निघाली ती त्याच ओढाताणीत. तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने आपले चांदीचे डॉलर वितळवले, सुमारे २७ कोटी, आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. ते डॉलर पाडले होते पश्चिमेच्या खाणींच्या चांदीचे. माझ्याकडे १९१८ चा मुंबई टाकसाळीचा रुपया आहे, खाली छोटा ठिपका असलेला. त्यातली चांदी नेवाडाची की कोलोरॅडोची हे कोणी सांगू शकणार नाही, पण हातात घेतला की मला तो डोंगर आठवतो, न पाहिलेला.

डेन्व्हरची_काकू
टाकसाळ, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून लेडव्हिलच्या संग्रहालयात हिंदुस्थानचा उल्लेख मी कधी लक्षपूर्वक वाचला नाही. पुढच्या वेळी बघते. धन्यवाद.

नवखी_संग्राहक
खूप शिकायला मिळतंय. माझं सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून घ्यावं का? पावसाळ्यात कागदाला बुरशी येईल अशी भीती वाटते.

कागदवाचक
नको! कृपा करून नको. लॅमिनेशनचा गोंद उष्णतेने कागदात शिरतो, तो परत निघत नाही. सेलोटेपही नको. साधं मऊ पीव्हीसी पाकीटही नको, त्यातून निघणारं तेलकट द्रव्य शाई ओढून घेतं. आम्लमुक्त कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, आडवं, घडी न करता. काही लिहायचंच असेल तर पाकिटावर लिहा, कागदावर नाही.

फोर्टवाला
यात माझी भर. मुंबई-कोकणातल्या दमटपणात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. खरा शत्रू कसर. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये ती आधी खळ लागलेली कडच खायची, कारण खळ तिला गोड लागते. तुमच्या त्या डाव्या कडेवरच्या डिंकाच्या डागांवर ती तुटून पडेल. दर दोन-तीन महिन्यांनी काढून बघा. १८६०-७० चा कागद चिंध्यांचा असतो, तो टिकेल. नंतरचा लाकडाच्या लगद्याचा, तो पिवळा पडून तुटतो.

कागदवाचक, एक विनंती. तुमच्या सिएरा नेवाडाच्या मागे कोरी सही आहे म्हणालात. सहीखाली किंवा कोपऱ्यात रबरी शिक्के आहेत का? आमच्याकडे कॉल भरला की सर्टिफिकेटवर पाठीमागे भरल्याचा शिक्का मारायचो. तिथेही पट्टी भरल्याची खूण कुठेतरी केली असणारच.

कागदवाचक
काका, काल रात्री काढलं.

अकरा वर्षं हा कागद माझ्याकडे आहे आणि मी मागची बाजू वाचतो अशी माझी समजूत होती. खालच्या डाव्या कोपऱ्यात तीन फिकट जांभळे डाग आहेत. मी ते ओलीचे डाग समजत होतो. टेबल लॅम्प कागदाला जवळजवळ आडवा धरून भिंग लावलं, तर ते शिक्के आहेत. अ‍ॅसेसमेंट, क्रमांक, भरली, तारीख. क्रमांक दोन ठिकाणी वाचता येत नाहीत, तारखा येतात. तीनही तारखा पडझडीनंतरच्या आहेत. शेवटची १८८० ची. तिसऱ्या शिक्क्यात रक्कमही आहे, शेअरमागे एक डॉलर.

दहा शेअर, म्हणजे दहा डॉलर. कॉमस्टॉकच्या खाणकामगाराची रोजी चार डॉलर होती, त्या काळच्या मानाने उत्तम, आणि ती मिळायची भयंकर उष्णतेत, हजार-दोन हजार फूट खाली. हा मालक कामगार होता की सॅन फ्रान्सिस्कोतली कोणी शिक्षिका की दलाल, कागद सांगत नाही. पण कामगार असेल तर एका पट्टीसाठी अडीच दिवस खाली उतरला असेल. आणि भाव पडून गेल्यावर त्याने हे तीन वेळा केलं.

फोर्टवाला
असे लोक आमच्या काउंटरला यायचे. गिरणी बंद पडलेली असायची, फाटकाला टाळं, आणि एखादे काका धोतराच्या सोग्यातून पैसे काढून विचारायचे, साहेब, काही भरायचं राहिलंय का. मी सांगायचो, काही नाही, घरी जा. ते म्हणायचे, शिक्का मारून द्या ना, भरलंय म्हणून.

चौथा शिक्का नाही ना?

कागदवाचक
नाही. तिसऱ्याच्या शेजारी जागा आहे, अगदी एका शिक्क्यापुरती. तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलंय. दिव्याचा कोन बदलून बघतोय, एक आकडा दिसतो, बहुतेक १०. फोटो रविवारी टाकतो, दिवसाच्या उजेडात.